आंबिवलीला नंबर आला होता

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. ही फुशारकी नाही, पण लपवण्यातही काही अर्थ नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. त्या जुलैतल्या सकाळी मला कशाकशाचा राग आला होता हे सांगायचं तर पावसापासून सुरुवात करावी लागेल आणि माझ्यापाशी येऊन थांबावं लागेल. मधे बाईकच्या हँडलवर लावलेला मोबाइल येईल, त्यातली ती बाई येईल आणि मागच्या सीटवर बसलेली माझी मुलगी.

मुलगी बारावीला गणितात नापास झाली होती. चार मार्क कमी पडले. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस आहे. लेथवरून उतरलेला पीस माझ्या टेबलावर येतो, मी मायक्रोमीटर लावतो आणि माप केसभर जरी चुकलं तरी त्यावर लाल खूण करून तो लाल पेटीत टाकतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. ऑपरेटर येतात, "साहेब, जाऊ द्या ना एवढं," म्हणतात. मी जाऊ देत नाही. आणि अशा माणसाची पोर गणितात नापास! निकालाच्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठलो आणि तिला म्हणालो, "आमच्याकडे असा पीस लाल पेटीत टाकतात." तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. "यापुढे माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही," हेही म्हणालो.

तिने ते ऐकलं. त्या मुलीने आजवर माझं इतकं तंतोतंत कधीच ऐकलं नव्हतं.

आमच्या घराण्यात अबोला वडिलोपार्जित आहे. कोकणातल्या घरी माझे वडील आणि काका एका अंगणात राहून अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप द्यायचा झाला तर वडील गोठ्यातल्या म्हशीला सांगायचे, "सांग गो त्याला, पाटाचं पाणी सोडलंय." काका पलीकडून म्हशीलाच उत्तर द्यायचे. आम्हा पोरांना हसू यायचं, पण हसायची टाप नव्हती. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत म्हैस नाही, त्यामुळे निरोप बायकोमार्फत जायला लागले. "तुझ्या लेकीला विचार, पंखा बंद करू का." "आई, बाबांना सांग, त्यांचा चष्मा फ्रीजवर आहे." तिघं एकाच खोलीत बसलेलो असायचो. एकदा भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "त्या म्हशीची जागा मला दिलीत तुम्ही." मला त्यात विनोद दिसला. तिला दिसला नव्हता हे आता कळतं.

असे सहा आठवडे गेले आणि पुरवणी परीक्षा आली. गणिताचा एकच पेपर. हा सुटला तर पुढचं कॉलेज, नाही तर वर्ष पाण्यात. मुलीचा नंबर आंबिवलीच्या एका शाळेत आला होता. आदल्या संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा बायको सांगायला लागली, "आज ही गेलेली ना, तिकडे..." मी हात वर केला. "मला तिचं काही सांगू नकोस. पास झाली की सांग." बायकोने चहा पुढ्यात ठेवला. तोही जरा आदळूनच.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी सातला बातमी आली की रुळांवर पाणी आहे, गाड्या बंद. मुलगी ट्रेनने जाणार होती. आठ वाजता बायको खाली जाऊन रिक्षा स्टँड बघून आली. तिथे एक कुत्रा सोडला तर कुणी नव्हतं. ठाण्याकडे जाणारा शिळ रोडही पाण्याने भरला होता, म्हणून मी कामावर गेलो नव्हतो. बायको ओल्या छत्रीनिशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साडेदहाला गेट बंद करतात. तुम्ही सोडा तिला." मी किल्ली घेतली.

आता त्या यंत्राबद्दल. माझ्या कामाचा रस्ता मला डोळे मिटून येतो. ठाकुर्ली ते वागळे, कुठला खड्डा कुठल्या महिन्यात उघडतो हेसुद्धा सांगेन. पण कल्याणच्या पलीकडे माझं काही नाही. टिटवाळ्याच्या गणपतीला जातो, ते ट्रेनने. म्हणून मी मोबाइलमधल्या नकाशात शाळेचं नाव टाकलं आणि त्यावर भरवसा ठेवला. हँडलला होल्डर बसवून घेतला होता, वर पारदर्शक झाकणाची चेन असलेली पिशवी, "वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त चालवा," असं दुकानदार म्हणालेला. हेल्मेटच्या आत कानात इअरफोन. आवाज मराठी ठेवला होता. "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा." ती बाई अशा अदबीने बोलते की माणसाला वाटावं, जगात निदान एकीला तरी आपल्याशी नीट बोलता येतं.

पावणेनऊला निघालो. मुलीने आईचा रेनकोट घातला होता. हॉल तिकीट आणि पेनं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरली होती. मागे बसताना तिने माझा खांदा धरला नाही, सीटमागची दांडी धरली. मला कळलं, आणि मीही पाठ ताठ केली. आम्ही दोघं सारख्याच हट्टी मातीचे.

नव्वद फुटी रस्त्याला काही अडचण आली नाही. पत्रीपुलावर अडकलो. एका टेम्पोने रस्ता अडवला होता, त्याच्यामागे सगळं कल्याण हॉर्न वाजवत उभं. हॉर्न वाजवून पाणी ओसरतं असं या लोकांना कोण शिकवतं कुणास ठाऊक. तिथे उभा असताना मी पहिल्यांदा पिशवीतल्या स्क्रीनकडे नीट बघितलं. थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाला तो फोन बोट समजत होता. नकाशा आपोआप मोठा व्हायचा, लहान व्हायचा, गर्रकन फिरायचा, मधेच एखादी खिडकी उघडायची. मी अंगठ्याने पुसलं तर पाणी पसरलं. मी बोट दाबलं तर काहीही होईना. म्हणजे माझं बोट त्याला कळत नव्हतं आणि पावसाचं कळत होतं! आमच्याकडे असा माल आला असता तर मी टेबलावरसुद्धा ठेवून घेतला नसता. वर पिशवीच्या आतून वाफ धरलेली. वॉटरप्रूफ म्हणे. पाणी आत जात नव्हतं हे खरं, पण आतलं बाहेर दिसतही नव्हतं.

पुलावरून उतरलो तेव्हा साडेनऊ होत आले होते. कल्याण पश्चिमेला रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक सुटून पाण्याखाली लोळत होते. दर वर्षी बसवतात, दर वर्षी सुटतात, आणि कुणाला लाज वाटत नाही. एका जागी पुढचं चाक असं गेलं की माझे दात एकमेकांवर आपटले. मागून मुलीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळलं. "लागलं का?" हे शब्द तोंडापर्यंत आले होते. मी ते गिळले. आज लिहिताना या एका गोष्टीचा मला जितका राग येतो तितका त्या खड्ड्याचा येत नाही.

शहाडला रस्ता फुटतो. एक पूल चढून मुरबाडच्या बाजूला जातो, एक पुलाच्या अलीकडून खालून आंबिवलीकडे. मला हे आज माहीत आहे. तेव्हा माझ्यासमोर वाफेने भरलेली पिशवी होती आणि कानात बाई होती. बाई म्हणाली, "सरळ जा." त्याच वेळी माझ्या डाव्या खांद्यावर मागून दोनदा थापटलं गेलं.

मला वाटलं, हिला थांबायचंय. रेनकोटचं काहीतरी असेल, नाही तर भीती वाटत असेल. वेळ नव्हता, मागून ट्रक येत होता. मी खांदा झटकला, असा की तिचा हात खाली पडला. "हं!" एवढाच आवाज काढला, कारण बोलायचं तर नव्हतं ना. आणि पूल चढलो.

हात परत आला नाही.

पुढे बराच वेळ बाई गप्प होती. मुरबाड रोडला वाहनं विरळ व्हायला लागली. समोरून येणारे दिवे लावून येत होते आणि काहीजण आमच्याकडे बघून हात हलवत होते. मला वाटलं, लाईट लावा म्हणताहेत, मी लावला. शेवटी एका उतारावर रस्ताच संपला. पुढे नुसतं तपकिरी पाणी, त्यातून रस्त्याकडेच्या झाडांचे चुना लावलेले बुंधे अर्धे बाहेर. चारपाच गाड्या वळून परत निघाल्या होत्या. बाई शांतपणे म्हणाली, "एकवीस किलोमीटर सरळ जा."

एकवीस? मी गाडी स्टँडला लावली, पिशवीची चेन उघडली, फोन पोटाशी घेऊन शर्टाने पुसला. शाळा त्यात नव्हतीच. पत्रीपुलावर की कुठे, थेंबांनी माझ्यासाठी मुरबाडजवळचं एक फॅमिली गार्डन हॉटेल निवडलं होतं. फोटोसुद्धा होता, हिरवळीवर झोपाळा. आणि मी, मापात केसभर फरक चालवून न घेणारा माणूस, मुलीचा पेपर पाठीशी बांधून आज्ञाधारकपणे त्या झोपाळ्याकडे निघालो होतो. दहाला चार मिनिटं कमी होती.

मी ओरडलो. फोनवर ओरडलो, त्या बाईवर ओरडलो, दुकानदाराच्या खानदानाला शिव्या घातल्या, रस्ते बांधणाऱ्यांना घातल्या, पावसाला घातल्या. शिव्या संपल्या तेव्हा मोहरा मुलीकडे वळणार होता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. तिने गणित नीट सोडवलं असतं तर ही वेळ आली असती का, असं वाक्य तयार होतं. ते निघालं नाही, कारण मधे एक बाई बोलली. खरी बाई, हाडामांसाची. रस्त्याकडेच्या घराच्या पडवीत डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन ती उतारावरचं पाणी किती चढलंय ते बघत उभी होती. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, मुलीला विचारलं.

"कं गो बाय, कुठं जाताव? फुरं नदी आयलीय रस्त्याव."

आणि माझी मुलगी बोलली. सहा आठवड्यांत तिचा आवाज मी आईला दिलेल्या निरोपांतून तेवढा ऐकला होता. "मावशी, आंबिवलीला जायचंय. माझा पेपर आहे. शहाडला खालून जायला पाहिजे होतं. मग तो पाण्याच्या टाकीचा चौक, पुढे किराणाच्या दुकानापासून आत, मैदानाच्या मागे शाळा आहे. मी काल बघून आलेय."

ती बाई आता माझ्याकडे वळली. "आरं, पोरीला ठाव हाय न वाट! मंग तिला इचाराला कं झालं व्हतं?"

मला काय झालं होतं? पेपरच्या आदल्या दिवशी नंबर बघून यायचं, ही रीत आमच्या घरातलीच. माझ्या दहावीला वडील मला एसटीने तालुक्याला घेऊन गेले होते, वर्ग दाखवला होता, बाक दाखवला होता, पाण्याचा माठ कुठे आहे तेसुद्धा दाखवलं होतं. म्हशीशी बोलणारा माणूस, पण माझा नंबर बघायला माझ्याबरोबर आला. आणि माझी पोर एकटी ट्रेनने गेली, शहाडला उतरून रिक्षा केली, रस्ता पाठ केला, घरी आली. ते मला सांगायला बायकोने तोंड उघडलं तर मी हात वर केला.

मी इअरफोन कानातून आणि फोनमधूनही ओढून काढला. फोन बंद केला की नुसताच खिशात कोंबला ते आठवत नाही. गाडी वळवली आणि मागे न बघता म्हणालो, "कुठून?"

सहा आठवड्यांनंतर मुलीशी बोललेला हा माझा पहिला शब्द. प्रेमाने विचारला असंही नाही, खेकसूनच विचारला.

ती गाडीवर बसली आणि या वेळी दांडी सोडून तिने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. पूल उतरल्यावर वळायच्या बाजूचा उजवा खांदा दाबला, आत वळल्यावर डावा. दोन्ही खांदे एकदम दाबले की हळू. काल रिक्षा जिथे जिथे आपटली असेल ती प्रत्येक जागा तिच्या लक्षात होती. पाण्याखाली काही दिसत नव्हतं, तरी तिने खांदे दाबले की दोन हातांवर खड्डा यायचाच. मी सव्वीस वर्षं मापं घेतोय, इतकी बिनचूक माणसं माझ्या खात्यात दोन निघतील. आणि हिला मी लाल पेटीत टाकलं होतं. हेल्मेटच्या काचेआड मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण आधीच काही दिसत नव्हतं.

शाळेशी पोचलो तेव्हा दहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. वॉचमन गेटची साखळी हातात घेऊन उभाच होता. ती उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं, पिशव्यांतून हॉल तिकीट काढलं. ते कोरडं होतं. तिच्या सँडलमधून पाणी गळत होतं. "नीट लिही" एवढं तरी म्हणायचं होतं मला. मी हेल्मेट धरून उभा राहिलो आणि ती आत गेली. तिने मागे पाहिलं नाही. मागे बघण्यासारखं मी ठेवलंच काय होतं?

मग अकरा ते दोन, पेपरचे तीन तास. शाळेसमोर पत्र्याची शेड होती, तिथे आठदहा पालक. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ डबा उघडून पोहे खात होते, मलाही दिले. म्हणाले, "आम्ही काल येऊन गेलेलो. मुलगा नको म्हणत होता, मी म्हटलं, नंबर बघितलेला बरा. टेन्शन राहत नाही. तुम्ही?" मी म्हणालो, "आम्हीपण." खोटं बोललो. तेवढ्यात माझ्या खिशातून ती बाई स्पष्ट आवाजात बोलली, "शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या." सगळी शेड हसली. मी फोन काढून तो एकदाचा बंद केला. शेजारच्या नाल्यात भिरकावून द्यायची इतकी इच्छा झाली होती, पण मुलगी बाहेर आल्यावर घरी कळवायला फोन लागला असता.

रागाची एक सोय असते, तो काढायला कुणीतरी लागतं. त्या तीन तासांत कुणी उरलं नाही. पाऊस मी संपवला, रस्ते संपवले, दुकानदार संपवला. थेंबांची चूक काढली, पण थेंबांनी तरी नुसता पत्ता बदलला होता. खांद्यावरचा हात मी झटकला होता, पूर्ण शुद्धीत, आणि तो हात मला बरोबर रस्ता सांगत होता.

दोनच्या सुमाराला मुलं बाहेर आली. पाऊस उतरला होता. ती गर्दीतून सरळ माझ्याकडे आली आणि माझ्यासमोर थांबली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"कसा गेला?" मी विचारलं.

तिने हात पुढे केला आणि बोटाने माझ्या खिशाकडे दाखवलं. मी फोन सुरू करून दिला. तिने घरचा नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे बघत बोलली.

"आई, बाबांना सांग, पेपर चांगला गेला. सगळी गणितं सोडवली."

"देवा रे!" बायको पलीकडे रडायलाच लागली. मग भानावर आली. "अगं, पण ते तिथेच आहेत ना?"

"हो. इथेच आहेत." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, रागाशी माझी ओळख आहे. मी तिला जे करायला सांगितलं होतं तेच ती करत होती. एक अक्षरही इकडचं तिकडे नव्हतं.

तिने फोन माझ्या हातात दिला. स्पीकर चालूच होता. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, हेल्मेटचा पट्टा सोडवत.

"तिला सांग," मी फोनमध्ये म्हणालो, "माझं चुकलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग बायको म्हणाली, "मी म्हैस नाहीये. समोर उभी आहे ना ती? तुम्हीच सांगा." आणि तिने फोन ठेवला.